हातानं घडवलेली आगळीवेगळी घड्याळं: नागपुरात आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघे भाऊ घराच्या मागच्या शेडमध्ये घड्याळं बनवतो. वडील इतवारीत घड्याळदुरुस्ती करायचे. डोळ्याला लावायचा त्यांचा आयग्लास अजून आमच्या खणात आहे. रविवारी लोक बघायला येतात, कुणी अर्धवट राहिलेलं काम घेऊन येतं, कुणी मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी. प्रश्न बरेचदा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

आगळंवेगळं घड्याळ म्हणजे नेमकं काय?

वेळ दाखवायची रीत किंवा चालायची रीत यांपैकी काहीतरी स्वतः विचार करून ठरवलेलं असलं, की आम्ही त्याला वेगळं म्हणतो. जुन्या कुकरच्या झाकणावर काटे बसवले की ते दिसायला वेगळं होतं. तेही करावं, हात बसतो. पण अल-जझारी या जुन्या काळच्या अभियंत्यानं १२०६ च्या सुमारास वर्णन केलेलं हत्तीचं घड्याळ बघा. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, तीत हळूहळू बुडणारं भोकाचं भांडं. ते बुडालं की दोरी ओढली जाते, चेंडू सुटतो आणि माहुताचा हात हलतो. किंवा केंब्रिजमध्ये २००८ साली लागलेलं घड्याळ. त्याला काटेच नाहीत, वर बसलेला टोळासारखा प्राणी एकेक दात गिळत चाक पुढे नेतो आणि वेळ प्रकाशाच्या फटींतून दिसते. ते मुद्दाम अडखळतं, मागेपुढे होतं आणि दर पाच मिनिटांनी एकदाच अगदी बरोबर असतं.

आमची स्वतःची आवड थोडी निराळी आहे. घड्याळ जिथं लागणार, तिथलं ऊन, तिथली हवा आणि तिथली बोली त्याला ठाऊक असावी असं आम्हाला वाटतं. खालच्या बऱ्याच उत्तरांत नागपूर येतं ते त्यामुळेच.

मी आजवर काहीच बनवलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

तयार क्वार्ट्झ मशीनपासून. सीताबर्डीत किंवा इतवारीत घड्याळाच्या सुट्या भागांच्या दुकानात ते सहज मिळतं. मशीन घेण्याआधी तुमची डायल किती जाड आहे ते मोजून जा. मशीनचा दांडा डायलमधून बाहेर येऊन वर चकती आणि नट बसला पाहिजे, त्यामुळे जाड लाकडाला लांब दांड्याचं मशीन लागतं. नवीन माणसाची पहिली फसगत इथेच होते: सुंदर सागवानी फळी घासूनपुसून तयार आणि दांडा आतच राहिलेला. तसं झालंच, तर फळीच्या मागच्या बाजूनं मशीनच्या आकाराचा खळगा कोरा.

सेल चांगला अल्कलाइन घाला. स्वस्तातला साधा सेल संपल्यावर आत राहिला की पाझरतो आणि मशीनच्या पत्त्या खाऊन टाकतो.

माझं मोठ्या काट्यांचं घड्याळ रोज पाऊण तासाजवळ येऊन थांबतं. मशीन खराब आहे का?

मशीन बहुतेक चांगलंच आहे. मिनिटकाटा सहाकडून बाराकडे जाताना चढ चढतो, आणि नऊवर आडवा असताना त्याचं वजन सर्वांत जास्त जाणवतं. साध्या मशीनचा तिथं दम संपतो. काट्याच्या मागच्या टोकाला, दांड्याच्या पलीकडे, शिशाचा तुकडा किंवा नटबोल्ट चिकटवून तोल साधा. काटा दांड्यातून काढून सुईवर ठेवला आणि तो कुठल्याही बाजूला कलला नाही, की झालं. फूटभराहून मोठे काटे असतील तर दुकानात ‘हाय टॉर्क’ मशीन मागा, पण तोल तरीही साधाच.

उलटं फिरणारं घड्याळ कसं बनवतात? आणि बनवावं का?

हा प्रश्न नागपुरात विचारला जातो याचं आम्हाला अप्रूप वाटत नाही. हे शहर १७०२ च्या सुमारास वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदनं. मध्य भारतातले गोंड आणि इतर काही आदिवासी समाज उजवीकडून डावीकडे फिरणारी घड्याळं घरात लावतात. नांगराचे फेर, नाचाचा फेर, लग्नातले फेरे, वेलीचं झाडाला वेढे घालत चढणं, हे सगळं त्या दिशेनं जातं असं ते सांगतात. त्यांच्यासाठी ती सरळ दिशा आहे. तेव्हा गंमत म्हणून बनवत असाल तर एवढं ठाऊक असू द्या, की कुणाच्या तरी घरात हे रोजचं आणि मानाचं घड्याळ आहे.

कृती अशी. मशीनचं झाकण हलकेच उघडा. आत तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्यातून जाणारी लोखंडी पट्टी आणि पट्टीच्या भोकात बसलेलं चुंबकाचं चिमुकलं चाक दिसेल. ही रचना मारिअस लाव्हे या फ्रेंच अभियंत्याची, १९३६ ची. अनेकांना वाटतं, कॉइलच्या दोन तारा उलट जोडल्या की काम होईल. होत नाही, कारण दर सेकंदाला येणारा झटका आधीच आलटून पालटून उलट-सुलट असतो. दिशा ठरते ती पट्टीच्या भोकाच्या आकारावरून. भोक पूर्ण गोल नसतं, किंचित एका बाजूला खोललेलं असतं. म्हणून पट्टी काढून पालथी करून बसवायची. मग चाक दुसरीकडे फिरतं. कॉइलची तार केसाहून बारीक असते, तिला नख लागू देऊ नका. पहिली दोन मशीन्स वाया जातील हे धरूनच बसा.

तुमच्याकडचं ‘मराठीत बोलणारं’ घड्याळ काय आहे? ते घरी करता येईल का?

येईल, आणि सगळ्यांनी करावं अशी आमची मनापासून इच्छा आहे. त्यात आवाज नाही. काळ्या काचेवर अक्षरांचे खण असतात आणि मागचे दिवे लागून वेळ शब्दांत उमटते: ‘सव्वातीन वाजले’. इंग्रजीत अशी घड्याळं पुष्कळ आहेत. मराठीत करायला बसलो तेव्हा कळलं की आपली वेळ सांगायची रीत किती रंगतदार आहे.

इंग्रजीत एकच साचा सगळ्या तासांना चालतो. आपल्याकडे साडेतीन, साडेचार म्हणतात, पण साडेएक आणि साडेदोन कुणी म्हणत नाही. तिथं दीड आणि अडीच. बारा पंचेचाळीसला पाऊण, एक पंचेचाळीसला मात्र पावणेदोन. सव्वाबारा, सव्वादोन, पण त्यांच्या मधे नुसतंच ‘सव्वा वाजला’. त्यातही एक, सव्वा, दीड आणि पाऊण ‘वाजला’, बाकी सगळे ‘वाजले’. पाच वर्षांच्या पोराला हे कुणी शिकवत नाही, ते ऐकून ऐकून बरोबर बोलतं. प्रोग्रॅमला मात्र एकेक अपवाद लिहून द्यावा लागतो. आमच्या पहिल्या घड्याळानं दुपारी ‘साडेदोन वाजले’ असं दाखवलं, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, ‘हे कोणत्या गावचं?’ त्या दिवशी अपवादांची यादी पूर्ण झाली.

मधल्या मिनिटांचं काय, हे तुम्ही ठरवा. ‘तीन वाजून दहा मिनिटं’ सगळीकडे चालतं. पस्तीस-चाळीसला मात्र मतभेद होतात. कुणी ‘चाराला वीस कमी’ म्हणतं, कुणी ‘तीन चाळीस’. आम्ही आमच्या घरात बोलतो तसं ठेवलं. तुमच्या घरात बोलतात तसं तुम्ही ठेवा, तेच बरोबर.

खण पाडताना एक खण म्हणजे एक पूर्ण अक्षर धरा. ‘सव्वा’चे खण दोन: स आणि व्वा. कॉम्प्युटर त्या ‘व्वा’चे चार तुकडे मोजतो, त्याच्या मोजणीवर जाऊ नका. ‘साडे’, ‘सव्वा’, ‘पावणे’ हे तासांच्या आधीच्या ओळीत घ्या म्हणजे वाचताना डोळा वरून खाली सरळ उतरतो. शेवटच्या ओळीत वा, ज, ला, ले असे चार खण ठेवले की ‘वाजला’ आणि ‘वाजले’ दोन्ही निघतात. ‘वाजले’ म्हणताना मधला ‘ला’ विझलेला राहतो, ते खटकत नाही. उरलेल्या खणांत वाटेल ती अक्षरं भरतात. आम्ही एका घड्याळात ती अशी भरली की आडवं वाचलं तर घरातल्यांची नावं सापडावीत.

अक्षरं कापायची कुठे? लेझरनं पत्र्यात कापली तर ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, मग त्याला नाजूक पूल ठेवावे लागतात आणि अक्षर विद्रूप होतं. त्यापेक्षा गाडीच्या नंबरप्लेटवर अक्षरं चिकटवून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. काळ्या रेडियममधून अक्षरं उलटी कापून घ्या आणि काचेच्या मागून चिकटवा. पोटातला तुकडा काचेला धरून राहतो, शिरोरेषाही शाबूत राहते. खणाखणांत पुठ्ठ्याच्या भिंती घाला, नाहीतर शेजारचं अक्षर अर्धवट उजळतं. खरं सांगायचं तर दिव्यांच्या जोडणीला एक संध्याकाळ लागते आणि पुठ्ठ्याच्या भिंतींना चार.

लाइट गेली की असलं घड्याळ वेळ विसरतं का?

आत वेळ राखणारी वेगळी चिप आणि तिला नाण्याएवढा सेल असला तर विसरत नाही. आम्ही डीएस ३२३१ ही चिप वापरतो, कारण ती स्वतःचं तापमान मोजून चूक भरून काढते. साधं क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं, पण ते पंचविशीच्या तापमानाला जुळवलेलं असतं. नागपूरच्या ४५ अंशांत ते दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडतं, आणि डिसेंबरच्या थंडीतही थोडं मागेच पडतं. दिवसाला सव्वा सेकंद क्षुल्लक वाटेल, पण पूर्ण उन्हाळा असा काढला की दीड-दोन मिनिटं होतात.

लाकडी चाकांचं घड्याळ खरंच चालतं का? लाकूड तर फुगतं.

चालतं. जॉन हॅरिसन हा इंग्लंडमधला सुतार, त्यानं १७१३ मध्ये आपलं पहिलं घड्याळ जवळजवळ सगळं लाकडात केलं. ब्रॉकल्सबी पार्कमधलं त्याचं १७२२ च्या सुमाराचं घड्याळ अजून चालतं. त्याची हुशारी लाकूड ओळखण्यात होती. चाक ओकचं, पण दातांचे तुकडे वेगळे बसवलेले, प्रत्येक दाताची रेषा केंद्राकडून बाहेर जाणारी, म्हणजे दात मोडत नाही. आणि जिथं घासतं तिथं लिग्नम व्हिटी हे स्वतःच्या अंगचं तेल असलेलं लाकूड, त्यामुळे वरून तेल घालायची गरजच उरली नाही.

आता आपल्याकडचं. लकडगंजात सागवान मिळतं, चंद्रपूरकडचं चांगलं वाळलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण चाकं सागवानाच्या एका फळीतून कापू नका. लाकूड रेषेच्या दिशेनं जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आटतं, म्हणजे गोल चाक पावसाळ्यात लंबगोल होतं. चाकांना चांगली प्लाय घ्या, जिच्या थरांत पोकळ्या नाहीत. कापून बघितल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून आधी छोटा तुकडा मागा. सागवान चौकटीला आणि लोलकाच्या दांड्याला वापरा. चिकटवण्याआधी सागवानाचा पृष्ठभाग थिनरनं पुसा, त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद धरत नाही.

आम्हाला सर्वांत मोठा धडा दिला तो कूलरनं. मे महिन्यात नागपूरची हवा ठणठणीत कोरडी असते. एका घरी आम्ही लाकडी घड्याळ लावलं, एप्रिलभर उत्तम चाललं. मग खिडकीत कूलर बसला आणि त्याचा ओला झोत नेमका घड्याळावर. रात्रभर ओली हवा, कूलर बंद झाला की दुपारी पुन्हा कोरडी. चौथ्या दिवशी चाकं एकमेकांत रुतली. तेव्हापासून घड्याळ लावायला गेलो की आधी विचारतो, कूलर कुठे बसतो. चाकांना दोन्ही बाजूंनी आणि दातांच्या कडांनाही शेलॅकचे हात द्या. कडा बहुतेकजण विसरतात आणि ओल तिथूनच शिरते.

आसासाठी सायकलचे स्पोक उत्तम, आणि त्यांना फिरायला पितळी नळीचे तुकडे. लाकडाला तेल लावू नका, ते लाकडात मुरतं आणि धूळ धरून ठेवतं. पेन्सिलच्या शिशाची पूड पुरते.

दात किती ठेवायचे ते कसं ठरवतात?

सेकंदाला एक टिक देणारा लोलक असेल तर सुटकेचं चाक, म्हणजे दर टिकेला एक पाऊल सोडणारं चाक, ३० दातांचं ठेवा. ते मिनिटाला एक फेरा करतं. तिथून मिनिटकाट्यापर्यंत साठपट हळू व्हायचं आहे: ६४ दातांचं चाक ८ दातांच्या चकरीवर, मग ६० दातांचं ८ दातांच्या चकरीवर. आठ गुणिले साडेसात, झाले साठ. मिनिटापासून तासाकडे बारापट: ३० ला १० आणि ३२ ला ८. दोन्ही जोड्यांची बेरीज ४० येते, त्यामुळे दोन्ही काटे एकाच केंद्रावर बसतात. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर जमला तेव्हा आम्ही दोघं रात्री एक वाजता चहा करून प्यालो होतो.

लोलक किती लांब हवा? पुस्तकातलं माप लावलं तरी घड्याळ मागे पडून राह्यलं.

पुस्तक बहुतेक युरोपातलं असणार. तिथं सेकंदाचा लोलक साधारण ९९.४ सेंटिमीटर सांगतात. विषुववृत्ताकडे जाताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं, म्हणून नागपूरला तो सुमारे ९९.१५ सेंटिमीटर लागतो. अडीच मिलिमीटरचा फरक आहे, पण लंडनला जुळवलेलं लोलकाचं घड्याळ इथं दिवसाला जवळपास दोन मिनिटं मागे पडेल. ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसहून नेलेलं त्याचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं आणि त्याला लोलक आखूड करावा लागला. पृथ्वी ध्रुवांजवळ चपटी आहे, या मताला त्या निरीक्षणाचा आधार मिळाला. तुमच्या शेडमधल्या घड्याळानं तोच शोध पुन्हा लावला आहे, त्याच्यावर रागावू नका.

हे माप टांगणीपासून लोलकाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं, तेही दांडा वजनरहित धरून. खऱ्या दांड्याला वजन असतं, त्यामुळे गोळा थोडा खाली घ्यावा लागतो. म्हणून खाली फिरकीचा नट ठेवा आणि हातानं जुळवा. एक मिलिमीटर वर-खाली केलं की दिवसाला साधारण ४४ सेकंदांचा फरक पडतो. रोज एकदाच, एकाच वेळी बघा. तासातासाला नट फिरवणाऱ्याचं घड्याळ कधी जुळत नाही.

गोळा जड केला तर घड्याळ हळू चालेल का, हाही प्रश्न येतो. वजनानं वेग बदलत नाही. लांबीनं बदलतो.

उन्हाळ्यात लोलकाचं घड्याळ मागे का पडतं?

धातू तापून लांबतो. पोलादी दांड्याला दर अंशामागे दिवसाला अर्धा सेकंद. जानेवारीची पहाट आणि मे मधली दुपार यांत तीस अंशांचं अंतर धरलं तर पंधरा सेकंद. पितळी दांड्याला पंचवीसच्या आसपास. लाकूड रेषेच्या दिशेनं उष्णतेनं फारच कमी लांबतं, म्हणून वार्निश केलेला सरळ रेषेचा सागवानी दांडा नागपूरला आम्हाला सगळ्यांत जास्त आवडतो.

छर्ऱ्यांचं घड्याळ कसं वाचायचं?

सायकलच्या दुकानात मिळणारे पोलादी छर्रे आणि तीन उतरत्या पट्ट्या. दर मिनिटाला एक छर्रा वर उचलला जाऊन पहिल्या पट्टीवर येतो. तिथं चार राहतात. पाचवा आला की वजनानं पट्टी कलंडते, चार छर्रे खाली परत जातात आणि एक पुढच्या पट्टीवर. ती पट्टी पाच-पाच मिनिटांची, तिच्यावर अकरा मावतात. बारावा आला की तीही रिकामी होते आणि एक छर्रा तासांच्या पट्टीवर जातो. तासांच्या पट्टीवर एक छर्रा कायमचा चिकटवलेला असतो, म्हणजे शून्य कधी दिसत नाही. एकूण २७ फिरते आणि एक स्थिर एवढे छर्रे लागतात. बारा एकोणसाठला सगळ्या पट्ट्या भरलेल्या असतात, आणि पुढच्याच मिनिटाला सत्तावीस छर्रे खळाखळा खाली येतात. ते बघायला रविवारी आमच्याकडे पाऊण वाजल्यापासूनच मुलं उभी असतात.

विल्यम काँग्रीव्हनं १८०८ मध्ये केलेलं गोळीचं घड्याळ वेगळं. त्यात एकच गोळी नागमोडी खाचेतून पळते आणि तळाशी पोचली की पाट दुसरीकडे झुकतो. दिसायला देखणं, पण खाचेत धुळीचा कण आला की वेळ बदलते. धुळीच्या दिवसांत आमच्या इथं ते काचपेटीतच ठेवावं लागतं.

पाण्याचं घड्याळ करायचं आहे. कूलरचा पंप चालेल?

चालेल, तोच वापरा. जिथं तिथं मिळतो आणि बिघडला तर शेजारच्या दुकानात दुसरा. पण वेळ पंपानं मोजायची नाही. पंप फक्त वरची टाकी सतत भरून वाहती ठेवतो. टाकी कायम काठोकाठ असली की तळाच्या भोकातून पडणारी धार एकसारखी राहते. ही युक्ती अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसची, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. त्या धारेनं खालची नळी भरते, तरंगता बूच वर चढतो आणि बुचावरची खूण वेळ दाखवते.

धार बारीक नळीतून काढू नका, पातळ पत्र्यातल्या भोकातून काढा. पाणी २० अंशांवरून ४० वर गेलं की त्याचा चिकटपणा सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो. लांब नळीत त्याचा मोठा परिणाम होतो, पातळ भोकात नगण्य. बोअरचं पाणी घातलंत तर क्षारांनी भोक दोन आठवड्यांत बारीक होईल, म्हणून गाळलेलं, क्षार काढलेलं पाणी घाला. आणि आठवड्याला पाणी बदला, टाकी सुकवून पुसा. घड्याळात डासांच्या अळ्या झाल्या तर घरच्यांसमोर तुमची बाजू कुणी घेणार नाही.

सावलीचं घड्याळ नीट बसवलं, तरी मोबाइलशी जुळत नाही. काय चुकलं?

बहुधा काही चुकलं नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. नागपूरचा शून्य मैलाचा दगड ७९ अंशांच्या किंचित पुढे. एका अंशाला चार मिनिटं धरून नागपूरचा सूर्य मोबाइलपेक्षा साडेतेरा मिनिटांहून थोडा अधिक मागे चालतो. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे वर्षभर होणारा फरक मिळवा. फेब्रुवारीच्या मध्याला नागपूरची खरी मध्यान्ह बारा अठ्ठावीसच्या आसपास येते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराला तीन मिनिटं कमी असताना. हा तक्ता घड्याळाखाली कोरून ठेवा. दुरुस्तीचा आकडा डायलमध्येच मिसळून टाकू नका. आपल्या गावाची स्वतःची वेळ डोळ्यांना दिसणं, हे या घड्याळाचं सगळ्यांत मोठं सुख आहे.

सळई उभी रोवू नका, उत्तरेकडे २१ अंश वर उठलेली ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत नागपुरात दुपारचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो. उभ्या काठीची सावली तेव्हा दक्षिणेला पडते आणि सगळा हिशेब फिरतो. ध्रुवाकडे रोखलेल्या सळईला हा त्रास नाही. आडव्या डायलवर मध्यान्हरेषेपासून एक, दोन, तीन, चार आणि पाच तासांच्या रेषा नागपूरसाठी अशा येतात: ५.५, ११.८, १९.८, ३२ आणि ५३.४ अंश.

निक्सी नळ्यांचं घड्याळ शिकवाल का?

मोठ्यांना शिकवतो, मुलांना नाही. आत आकडे उजळणाऱ्या त्या काचेच्या नळ्यांना १७० व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तो काही काळ उरतो.

आजोबांचं जुनं चावीचं घड्याळ आहे. त्याचे भाग काढून नवीन काहीतरी कराल?

नाही. आधी ते आम्हाला दाखवा. दहातली सात-आठ घड्याळं फक्त सुकलेल्या तेलामुळे बंद असतात. वर्षानुवर्षांचं तेल लाखेसारखं घट्ट होतं, ते धुऊन काढलं की चावी देताच चालू लागतात. एका काकूंनी सासऱ्यांचं घड्याळ ‘मोडून दिवा करा’ म्हणून आणलं होतं. तासाभरानं त्याचे टोले पडले, तेव्हा त्या स्टुलावर बसून राहिल्या. दिव्याचा विषय पुन्हा निघाला नाही. ज्याची चाकंच झिजून गेली आहेत, ज्याचं काही होण्यासारखं नाही, त्याचे भाग मात्र आम्ही आनंदानं वापरतो.

टिकटिक कमी करता येईल?

लोलकाच्या घड्याळाला भिंतीशी टेकतं तिथं नमद्याचे तुकडे लावा, निम्मा आवाज भिंतच करत असते. क्वार्ट्झ असेल तर न थांबता सरकणाऱ्या काट्याचं मशीन घ्या.

ऑर्डरनं बनवून देता का? किती दिवस लागतात?

देतो. शब्दांचं घड्याळ महिन्याभरात. लाकडी चाकांचं मात्र एक पावसाळा आमच्या शेडमध्ये चालवून बघितल्याशिवाय हातातून सुटत नाही.

मुलगी आठ वर्षांची आहे. तिच्यासोबत एका दुपारी काय करता येईल?

घटिकापात्र. लग्नात घंगाळात तरंगत ठेवलेली भोकाची वाटी तुम्ही कदाचित पाहिली असेल. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अशा साठ घटकांचा दिवस, आणि एका घटकेत साठ पळं. ‘घटकाभर बस’, ‘त्याची घटका भरली’ हे आपण बोलतो ते याच वाटीवरून, हे तिला सांगा.

अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी घ्या, पालथी करून लाकडावर ठेवा आणि बारीक खिळ्यानं तळाला मधोमध अगदी छोटं भोक पाडा. बादलीत पाणी घेऊन वाटी अलगद सोडा. भोक लहान असेल तर ती फार वेळ तरंगेल, मग खिळा किंचित फिरवून भोक मोठं करा. उलट चूक झाली तर मेणानं बुजवून पुन्हा सुरू करा. पहिलं लक्ष्य अडीच पळांचं ठेवा, म्हणजे बरोबर एक मिनिट. वाटी तिरकी बुडत असेल तर काठाला आतून मेणाचा छोटा गोळा लावून तोल साधा. बुडताना ती ‘बुडूक’ असा आवाज करते. वाटी बादलीच्या तळाला लागायच्या आत तिला उचलून पुन्हा सोडायचं काम मुलीकडे द्या आणि तुम्ही पळं मोजा.